मुलांचा न उतरणारा ताप, कोविडनंतरचा एमआयएस-सी आणि कावासाकी : अनुभव आणि माहिती

ऐरोलीची_आई | ८ जुलै २०२५, रात्री १०.४७

लिहू लिहू म्हणत चार वर्षं गेली. आज सोसायटीच्या ग्रुपवर एकीने विचारलं की मुलाला चार दिवस ताप आहे, औषध दिलं की उतरतो आणि परत चढतो, काय करू, तर खाली पंधरा-वीस जणींनी "अगं व्हायरल चालूय सगळीकडे, आमच्याकडे पण झाला" असंच लिहिलं. तिला मी फोन करून बोलले, पण मग वाटलं इथे पण लिहावं, कारण माझ्या मुलाच्या वेळी मी सुद्धा हेच म्हणत होते, व्हायरलच असेल.

२०२१ चा एप्रिल. नवरा पॉझिटिव्ह आला, वाशीच्या सिडको एक्झिबिशनमध्ये जे कोविड सेंटर केलं होतं तिथे अकरा दिवस होता. घरी मी, सासूबाई आणि लेक, तो तेव्हा सात वर्षांचा. त्याला एक दिवस अंग कोमट लागलं, नाक वाहिलं, दुसऱ्या दिवशी पॅसेजमध्ये क्रिकेट चालू. टेस्ट केली नाही, केली तरी काय फरक पडणार होता, सगळे घरातच तर होतो. नवरा घरी आला, जेवायला लागला, आम्ही सुटकेचा श्वास टाकला की चला, आपल्या घरावरून गेलं.

मेच्या मध्यावर एका दुपारी लेक म्हणाला पोटात दुखतंय. संध्याकाळी १०२ ताप. आदल्या दिवशी आंबे खूप खाल्ले होते म्हणून सासूबाई म्हणाल्या उष्णता झाली असेल, मी ओवा-साखर दिली. दुसऱ्या दिवशी उलट्या आणि जुलाब, फॅमिली डॉक्टरांनी गॅस्ट्रो म्हणून औषध दिलं, ओआरएस दिलं. तिसऱ्या दिवशी पोट इतकं दुखायला लागलं की पाय पोटाशी घेऊन कुशीवर पडून होता, हात लावू देईना. जवळच्या हॉस्पिटलात नेलं (नाव लिहीत नाही, विचारू नका प्लीज). सोनोग्राफीत पोटातल्या गाठी सुजलेल्या, अपेंडिक्स असू शकतं म्हणाले, सर्जनना फोन गेला, त्याला उपाशी ठेवलं, सकाळी ऑपरेशन करू असं ठरत आलं. आरटीपीसीआर केली ती निगेटिव्ह. निगेटिव्ह आली आणि कोविडचा विषय तिथेच संपला, माझ्या डोक्यातून पण संपला, हे मी आज कबूल करते.

रात्री अडीचच्या सुमारास ड्युटीवरच्या सिस्टर सलाईन बदलायला आल्या. टॉर्च मारून त्याच्या डोळ्यांकडे बघितलं आणि मला विचारलं, "याचे डोळे कधीपासून लाल आहेत? घरात कोणाला कोविड झाला होता का महिन्याभरात?" तीन दिवसांत चार डॉक्टर बघून गेले होते आणि हा प्रश्न पहिल्यांदा त्या बाईंनी विचारला. मी सांगितलं, वडिलांना झाला होता. त्यांनी लगेच बीपी घेतलं, ७०/४०. हात बर्फासारखे गार. तिथून पुढे सगळं धावत झालं. त्या हॉस्पिटलात मुलांचं आयसीयू नव्हतं, त्या दिवसांत बेड मिळवायला किती फोन करावे लागायचे ते सगळ्यांना आठवत असेल, पहाटे पाचला ऐरोली ब्रिजवरून ॲम्ब्युलन्स मुलुंडच्या बाजूला गेली आणि मी सगळा वेळ त्याच्या पायाचा अंगठा धरून बसले होते, तो गार होता तेवढंच मला आठवतंय.

तिथे टुडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, हृदयाचं पंपिंग ४० टक्के. सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) २१० च्या पुढे. अपेंडिक्स वगैरे काही नव्हतं. आजाराचं नाव एमआयएस-सी (मल्टिसिस्टिम इन्फ्लमेटरी सिंड्रोम इन चिल्ड्रन), मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आयव्हीआयजी नावाचं सलाईनमधून द्यायचं औषध आणि स्टेरॉइड सुरू केलं. दीड दिवसाने ताप उतरला तो परत आला नाही, आठ दिवसांनी घरी आणला.

मला एवढंच सांगायचंय. मुलाला ताप आला आणि मागच्या दीड-दोन महिन्यांत घरात कोणाला कोविड झाला असेल, किंवा कोविडसारखं काही होऊन गेलं असेल, तर डॉक्टर विचारायची वाट बघू नका, केसपेपर काढतानाच सांगा. मूल स्वतः आजारी पडलं नव्हतं तरी सांगा. मे-जूनमध्ये आपल्याकडे परत केसेस वाढल्या होत्या, आता टेस्ट कोणी करतच नाही, त्यामुळे जास्तच.

कोणाचा असाच अनुभव असेल तर लिहा.

---

कोपरीकर | ८ जुलै, रात्री ११.२०

बाप रे ताई. वाचून अंगावर काटा आला. आता कसा आहे लेक?

एक समजलं नाही, कोविड होऊन गेल्यावर महिन्याने कसं काय, आणि टेस्ट निगेटिव्ह असताना?

---

ऐरोलीची_आई | ८ जुलै, रात्री ११.३४

आता अकरा वर्षांचा आहे, एकदम छान आहे, फुटबॉल खेळतो. सहा महिने पळायचं नाही असं सांगितलं होतं ते मात्र फार जड गेलं, सात वर्षांच्या पोराला पळू नको सांगणं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच कळतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण मी चुकीचं लिहीन. इथे आपले डॉक्टर आहेत ना, ते लिहितील.

---

खाडीकाठचा_डॉक्टर | ९ जुलै, सकाळी ७.१०

हजर आहे. (ठाण्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो, इथे जे लिहितोय ते सर्वसाधारण माहिती म्हणून घ्या, तपासल्याशिवाय कोणाच्या मुलाबद्दल काही सांगणार नाही.)

कोपरीकर, तुमचा प्रश्न बरोबर जागी आहे. एमआयएस-सी हा कोविडचा संसर्ग नाही, संसर्गानंतरची प्रतिक्रिया आहे. व्हायरस जाऊन दोन ते सहा आठवडे झालेले असतात, पण त्याच्याविरुद्ध उठलेली प्रतिकारशक्ती शांत होत नाही, ती खवळते आणि शरीराच्याच रक्तवाहिन्या, हृदय, आतडी, त्वचा, डोळे यांना सूज आणते. एका अवयवाचं दुखणं नाही म्हणून नावात मल्टिसिस्टिम. व्हायरस नाकात नसतोच म्हणून आरटीपीसीआर बऱ्याचदा निगेटिव्ह येते. २०२१ मध्ये आम्ही अँटिबॉडी टेस्ट करायचो आणि ती पॉझिटिव्ह आली की उलगडा व्हायचा. आता ती टेस्ट पण फार उपयोगाची राहिली नाही कारण जवळजवळ प्रत्येकाच्या अंगात अँटिबॉडी आहेत. म्हणजे घरच्यांनी सांगितलेली हकीकत हाच आता मोठा धागा उरलाय, ऐरोलीच्या ताई म्हणतायत ते शंभर टक्के खरं.

आणि पोटाबद्दल. तापाबरोबर पोटदुखी, उलट्या, जुलाब हे या आजारात इतकं कॉमन आहे की अपेंडिक्स समजून सर्जनकडे गेलेली मुलं जगभर सापडली. २०२० च्या एप्रिलमध्ये लंडनच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा हे लक्षात आणून दिलं, धडधाकट असलेली आठ मुलं थोड्या दिवसांत शॉकमध्ये आली होती. त्याच सुमाराला इटलीत बर्गामोला दोन महिन्यांत दहा मुलं कावासाकीसारख्या आजाराने (कावासाकी म्हणजे मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा जुना आजार) आली, जिथे आधीच्या पाच वर्षांत मिळून एकोणीस आली होती. मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने व्याख्या केली. आपल्याकडे मुंबई-ठाण्यात पहिल्या लाटेनंतर दिसला आणि दुसऱ्या लाटेनंतर, म्हणजे ताईंच्या मुलाला झाला त्या मे-जूनमध्ये, जास्त दिसला. ती रात्रपाळीची सिस्टर फार मोठं काम करून गेली.

---

तलावपाळी_७२ | ९ जुलै, सकाळी ९.०५

सर्वांचा आदर राखून एक वेगळं मत मांडतो. माझा नातू पाच वर्षांचा आहे. त्याला सर्दी झाली की माझी सून मोबाईलवर काहीतरी वाचते आणि रक्त काढायला नेते. गेल्या वर्षभरात चार वेळा त्या पोराचं रक्त काढलंय, आता लॅबची पाटी दिसली तरी रडतो. पावसाळ्यात ठाण्यात ताप नाही असं घर दाखवा. असे धागे वाचून लोक अजून घाबरतात. २०२१ ची गोष्ट वेगळी होती, आता त्याचं प्रमाण किती हे पण कोणीतरी सांगावं.

---

खाडीकाठचा_डॉक्टर | ९ जुलै, दुपारी २.१५

काका, तुमचं म्हणणं मला पटतं आणि ओपीडीत मी रोज तेच सांगतो. पहिल्या-दुसऱ्या दिवशीच्या तापाला, मूल ताप उतरल्यावर खेळत असेल, पाणी पीत असेल, लघवी नीट होत असेल, तर रक्त काढून काही हाती लागत नाही.

प्रमाण आता खरंच खूप खाली आलंय. अमेरिकेत, जिथे नीट नोंद ठेवतात, तिथे २०२३ च्या पूर्ण वर्षात ११७ केसेस नोंदल्या गेल्या, सुरुवातीच्या लाटांच्या तुलनेत दर ९८ टक्क्यांनी उतरला. ओमायक्रॉनपासूनच घट दिसायला लागली, आणि मुलांमध्ये आधीच्या संसर्गाची किंवा लसीची प्रतिकारशक्ती आहे. आपल्याकडे १५ ते १८ वयाला जानेवारी २०२२ पासून आणि १२ ते १४ ला मार्च २०२२ पासून लस मिळाली, त्याखालच्यांना सरकारी मोहिमेत मिळालीच नाही, पण होऊन गेलेला कोविड सगळ्यांना आहे.

तेव्हा प्रत्येक तापाला एमआयएस-सी समजू नका. पण तीन दिवस झाले आणि ताप तसाच आहे तर परत दाखवा. त्यातून डोळे लाल (चिपडं नसलेले), अंगावर पुरळ, ओठ फुटलेले, पोट खूप दुखतंय यातलं काही असेल तर त्याच दिवशी. आणि हातपाय गार, मूल गळून पडलंय, उठवलं तरी नीट उठत नाही, सात-आठ तासांत लघवी नाही, श्वास जोरात, तर ओपीडीची वेळ बघू नका, रात्र असेल तरी थेट मुलांची इमर्जन्सी असलेलं हॉस्पिटल गाठा. पावसाळ्यात आपल्याकडे हेच चित्र डेंग्यू, लेप्टो, स्क्रब टायफस मध्येही दिसू शकतं, त्यामुळे घरी बसून नाव ठरवायच्या भानगडीत कोणी पडू नये, तपासून घ्यावं.

---

घोडबंदर_कासारवडवली | ९ जुलै, संध्याकाळी ६.५२

हा धागा आत्ता वाचला, प्लीज कोणीतरी सांगा. माझी मुलगी ३ वर्षं ८ महिने. शनिवारपासून ताप आहे, आज पाचवा दिवस, १०३ पर्यंत जातो, पॅरासिटामॉलने एक-दोन तास खाली येतो बस. आषाढीला नर्सरीच्या दिंडीचे फोटो काढायचे म्हणून साडी आणली होती ती तशीच पडून आहे. सोमवारी डॉक्टरांनी घसा लाल आहे म्हणून अँटिबायोटिक दिलं. काल अंगावर पुरळ आलं तर म्हणाले अँटिबायोटिकची ॲलर्जी, ते बंद करून दुसरं दिलं. सीबीसी केलं, पांढऱ्या पेशी वाढलेल्या, डेंग्यूची एनएस वन टेस्ट निगेटिव्ह. डोळे लाल आहेत पण घाण येत नाही. ओठ फुटलेत, रक्त येतं. मानेला एका बाजूला गाठ लागते. आणि किरकिर इतकी, ती अशी मुलगी नाहीच, कोणी उचलून घेतलं तरी रडते, खाली ठेवलं तरी रडते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मिस्टरांना ऑफिसमधून कोविड आला होता, घरीच किट वर टेस्ट केली होती. हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. विचारलं नाही आणि मला पण सुचलं नाही.

---

ऐरोलीची_आई | ९ जुलै, संध्याकाळी ६.५८

ताई आत्ताच्या आत्ता निघा.

---

खाडीकाठचा_डॉक्टर | ९ जुलै, संध्याकाळी ७.३०

ताई, इथे निदान करणार नाही असं सकाळी लिहिलं होतं त्यावर ठाम आहे, पण तुम्ही लिहिलेलं चित्र उद्यापर्यंत थांबण्यासारखं नाही. आजच मुलांचं आयसीयू आणि मुलांचा इको करण्याची सोय असलेल्या हॉस्पिटलात जा. गेल्यावर पहिल्या वाक्यात सांगा : पाच दिवस ताप, डोळे लाल, ओठ फुटले, पुरळ, मानेत गाठ, आणि महिन्याभरापूर्वी घरात कोविड. "कावासाकी किंवा एमआयएस-सी तर नाही ना" असं स्पष्ट विचारा, कोणी राग मानणार नाही. हाताची बोटं, तळपाय सुजलेत का, जीभ स्ट्रॉबेरीसारखी लालबुंद खरखरीत दिसते का, तेही बघून ठेवा. डेंग्यू पूर्ण बाद होईपर्यंत आयबुप्रोफेन देऊ नका, पॅरासिटामॉल चालेल. आधीचे सगळे कागद आणि दोन्ही अँटिबायोटिकची पट्टी-बाटली बरोबर न्या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतोय, फोनवर बोलू.

---

घोडबंदर_कासारवडवली | ९ जुलै, संध्याकाळी ७.४१

निघतोय. तळपाय सुजलेत. मला वाटलं होतं झोपून झोपून आलेत.

---

कोपरीकर | ९ जुलै, संध्याकाळी ७.५५

या वेळेला घोडबंदरला मानपाड्यापर्यंत सगळं जाम असतं, सर्व्हिस रोडने या. काही लागलं तर रात्री कितीही वाजता मेसेज करा, मी स्टेशनजवळ आहे, बाईक आहे, औषध वगैरे आणून देऊ शकतो.

---

खाडीकाठचा_डॉक्टर | ९ जुलै, रात्री १०.४०

बोलणं झालंय, पोहोचलेत. तोवर कावासाकीबद्दल थोडं लिहितो कारण दोन-तीन जणांनी विचारलं.

हा आजार कोविडच्या खूप आधीचा. जपानमध्ये तोमिसाकु कावासाकी नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी १९६१ मध्ये पहिला पेशंट बघितला आणि तसे पन्नास जमा करून १९६७ मध्ये लिहिलं. तेव्हा लोकांना वाटलं पुरळाचाच एखादा साधा आजार आहे, नंतर कळलं की हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी नसा यात फुगतात. कारण आजही पक्कं माहीत नाही, कुठल्यातरी संसर्गाने ठिणगी पडते असं मानतात. बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आतली. एमआयएस-सी ची मुलं त्यामानाने मोठी, साधारण आठ-नऊ वर्षांची, आणि त्यांच्यात पोटाचा त्रास, बीपी पडणं, हृदयाचं पंपिंग कमी होणं जास्त. कावासाकीत प्लेटलेट दुसऱ्या आठवड्यात खूप वाढतात, एमआयएस-सी मध्ये बऱ्याचदा सुरुवातीला कमी असतात. पण सीमारेषा पुसट आहे, दोन्हीला उपचार जवळपास सारखेच, म्हणून नावावरून अडून बसत नाही आम्ही.

अडचण अशी की लक्षणं सगळी एका दिवशी दिसत नाहीत. सोमवारी डॉक्टरांनी बघितलं तेव्हा फक्त ताप आणि घसा होता, पुरळ मंगळवारी आलं, डोळे नंतर. त्या डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे, मी पण असा चुकलोय. म्हणून आईवडिलांना सांगतो, रोज उजेडात फोटो काढा. कालचं पुरळ आज गेलेलं असतं, पण फोटोत राहतं. तान्ह्या मुलांमध्ये डाव्या दंडावर बीसीजीची खूण असते ती अचानक लाल होऊन सुजली तर तेही सांगा.

वेळेचं महत्त्व यासाठी की उपचार न मिळालेल्या दर चार मुलांपैकी साधारण एकाच्या कोरोनरीत फुगवटा येतो. दहा दिवसांच्या आत आयव्हीआयजी मिळालं तर ते प्रमाण चार-पाच टक्क्यांवर येतं.

---

नेरूळ_सेक्टर_दहा | १० जुलै, सकाळी ८.३०

आमचाही २०२१ चा अनुभव, मुलगी नऊ वर्षांची, जून महिना. तिला पंपिंगचा त्रास झाला नाही पण कोरोनरी थोडी फुगली होती, वर्षभरात नॉर्मल झाली. मी खर्चाबद्दल लिहितो कारण त्याबद्दल कोणी आधी सांगत नाही आणि ऐन वेळी माणूस हबकतो. आयव्हीआयजी वजनावर असतं, किलोला दोन ग्रॅम. मुलगी २८ किलो म्हणजे ५६ ग्रॅम, पाच ग्रॅमच्या बाटल्या, बारा बाटल्या आणायला सांगितल्या. एका बाटलीची किंमत ऐकून मी केमिस्टला परत विचारलं. त्यात तेव्हा तुटवडा, सहा वाशीला मिळाल्या, चार ठाण्यात, दोन माझा मेहुणा दादरहून घेऊन आला, थर्मासमध्ये बर्फ घालून. ऑफिसचं मेडिक्लेम होतं म्हणून निभावलं, तरी पदरचे बरेच गेले.

ज्यांच्याकडे विमा नाही त्यांनी हॉस्पिटल निवडतानाच विचारा की महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का. रेशन कार्ड, आधार बरोबर ठेवा. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, पहिल्या दिवशीच त्याला भेटा, बिल झाल्यावर नाही. आता कव्हर कुटुंबाला पाच लाखांपर्यंत आहे. तुमच्या केसला काय बसतं ते तोच सांगेल. मोठ्या सरकारी आणि ट्रस्टच्या हॉस्पिटलात सोशल वर्कर असतात, त्यांच्याकडे जायला लाजू नका. मी गेलो नाही, लाजलो, नंतर कळलं की मदत झाली असती.

---

तलावपाळी_७२ | १० जुलै, सकाळी ९.४०

काल मी जे लिहिलं त्यानंतर त्या ताईंची पोस्ट वाचली, रात्रभर डोक्यात तेच होतं. मुलगी कशी आहे कोणी सांगेल का.

डॉक्टरसाहेब, हे आयव्हीआयजी असतं तरी काय, इतकं महाग का?

---

खाडीकाठचा_डॉक्टर | १० जुलै, दुपारी १.५०

काका, मुलगी ॲडमिट आहे, तपासण्या चालू आहेत, बाकी त्या स्वतः लिहितील.

आयव्हीआयजी म्हणजे रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या अँटिबॉडी. एका बॅचमागे हजारो लोकांचा प्लाझ्मा लागतो, तो शुद्ध करायचा, त्यातले व्हायरस मारायचे, म्हणून महाग. कारखान्यात शून्यापासून बनवता येत नाही. इतक्या माणसांच्या अँटिबॉडी एकदम गेल्या की खवळलेली प्रतिकारशक्ती शांत होते, नेमकी कशी याच्या तीन-चार वाटा सांगितल्या जातात. दहा-बारा तास हळूहळू सलाईनमधून देतात.

---

तलावपाळी_७२ | १० जुलै, दुपारी २.०५

मी आतापर्यंत ४३ वेळा रक्तदान केलं आहे, आता वयामुळे बंद झालं. रक्त अपघातवाल्याला, ऑपरेशनवाल्याला जातं एवढंच ठाऊक होतं. त्यातून असंही काही लहान मुलांसाठी निघतं हे आज कळलं. सोसायटीत ऑगस्टमध्ये शिबिर असतं, तिथे सांगेन.

---

शाळेतली_बाई | १० जुलै, रात्री ९.२५

मी ठाण्यात प्राथमिकला शिकवते. मला एक सांगायचंय, मनात टोचत राहिलंय. शाळा परत सुरू झाल्या तेव्हा माझ्या वर्गात एक मुलगा डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आला होता, पळणं-खेळणं सहा महिने बंद. दिसायला अगदी नॉर्मल, उलट गाल भरलेले. मैदानावर त्याला बाजूला बसवलं की बाकीची मुलं चिडवायची, आणि पीटीचे सर म्हणाले की हल्ली आईबाप उगाच लाड करतात, त्याला दोन राउंड मारायला लावले. मी तिथे होते आणि काही बोलले नाही. आईने दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं की त्याच्या हृदयाला सूज होती, एमआयएस-सी. आणि गाल स्टेरॉइडने भरलेले होते. मुलाला काही झालं नाही हे नशीब. आता असं पत्र आलं की मी स्वतः पालकांना फोन करून समजून घेते, आणि त्या मुलाला स्कोअर लिहायला बसवते म्हणजे तो खेळातच असतो.

---

ऐरोलीची_आई | १० जुलै, रात्री १०.१०

बाई, स्कोअर लिहायला बसवणं हे किती छान केलंत. माझ्या लेकाला बिल्डिंगच्या मुलांनी अंपायर केलं होतं, सहा महिने अंपायर.

---

घोडबंदर_कासारवडवली | १३ जुलै, दुपारी ४.००

उशीर झाला लिहायला, सॉरी. बुधवारी रात्रीच ॲडमिट केलं. सीआरपी १६८, प्लेटलेट साडेपाच लाख, गुरुवारी इको केला, डाव्या कोरोनरीत थोडा फुगवटा आहे, पंपिंग चांगलं आहे. कावासाकीच म्हणाले. कोविडमुळे का, हे ठामपणे सांगता येणार नाही म्हणाले, पण सांगितलंत ते बरं केलं, आम्ही दोन्ही बाजूंनी बघितलं असं म्हणाले. शुक्रवारी म्हणजे सातव्या दिवशी आयव्हीआयजी दिलं. रात्री दोन वाजता शेवटची बाटली संपली. काल दुपारपासून ताप नाही. आज सकाळी उठून म्हणाली पोहे पाहिजेत, वर शेव. आठ दिवसांत पहिल्यांदा तिने काहीतरी मागितलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

कोपरीकर दादा तुम्ही शुक्रवारी रात्री बाटल्या आणून दिल्यात, हे माझे मिस्टर आयुष्यभर विसरणार नाहीत.

आता ॲस्पिरिन चालू केलंय. लहान मुलांना ॲस्पिरिन देत नाहीत ना? नेटवर भलतंच काही वाचलं. आणि चार वर्षांची झाली की एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची लस) द्यायचा होता तो?

---

खाडीकाठचा_डॉक्टर | १३ जुलै, संध्याकाळी ५.२०

फार बरं वाटलं ताई.

ॲस्पिरिन एरवी मुलांना देत नाही हे बरोबर. पण इथे अगदी छोटा डोस, रक्त गुठळू नये म्हणून, साधारण सहा ते आठ आठवडे, इको नॉर्मल येईपर्यंत, स्वतःहून बंद करू नका. या काळात कांजिण्या किंवा फ्लू झालेल्या मुलाच्या संपर्कात आली तर लगेच तुमच्या डॉक्टरांना कळवा, कारण ॲस्पिरिन चालू असताना हे दोन आजार झाले तर रेज सिंड्रोम नावाचा लिव्हर आणि मेंदूचा दुर्मिळ पण गंभीर त्रास होऊ शकतो. फ्लूची इंजेक्शनवाली लस चालते, विचारून घ्या. तापाला आयबुप्रोफेन नको, ॲस्पिरिनचं काम अडतं.

एमएमआर आणि कांजिण्यांची लस आयव्हीआयजी नंतर अकरा महिने पुढे ढकलतात, कारण दुसऱ्यांच्या अँटिबॉडी अंगात असताना त्या लसी धरत नाहीत. केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल पेनाने आयव्हीआयजीची तारीख लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या दवाखान्यात विसरलं जातं.

इको ची पुढची तारीख चुकवू नका. बरं झालेलं मूल उड्या मारताना दिसलं की आईबाप ती तारीख पुढे ढकलतात, हे मी खूप बघितलंय. नस आतून कशी आहे हे उड्यांवरून कळत नाही.

---

ऐरोलीची_आई | १३ जुलै, संध्याकाळी ५.४५

इको च्या वेळी मुलं घाबरून हलतात, जेल गार लागतं. मोबाईलवर तिच्या आवडीचं गाणं लावून द्या आणि घरी आधी चमच्याने पोटावर खोटा खोटा इको करून दाखवा. आमच्याकडे सासूबाईंचा पण रोज इको व्हायचा.

---

तलावपाळी_७२ | १३ जुलै, संध्याकाळी ६.१०

मुलीला आजोबांचा आशीर्वाद सांगा.

---

घोडबंदर_कासारवडवली | २३ जुलै, रात्री ९.१५

धागा वर काढतेय. घरी येऊन आठवडा झाला. काल दुसरा इको झाला, फुगवटा आहे तेवढाच आहे, वाढलेला नाही, पुढचा ऑगस्टच्या शेवटी. आज अंघोळीच्या वेळी बघितलं तर हाताच्या बोटांची टोकं सोलली जातायत, नखांच्या बाजूने कातडी निघतेय, पायाची पण. दुखत नाही म्हणते. हे काय नवीन?

---

खाडीकाठचा_डॉक्टर | २३ जुलै, रात्री ९.४०

नवीन नाही, त्याच आजाराची जाता जातानाची खूण आहे, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात असं सोलतं. ओढून काढू नका, खोबरेल लावा, आठ-दहा दिवसांत आपोआप जाईल. पुढच्या भेटीत सांगा एवढंच.

---

घोडबंदर_कासारवडवली | २३ जुलै, रात्री ९.५२

लावलं खोबरेल. ती सगळ्यांना हात दाखवत फिरतेय, म्हणते नागपंचमीचा नाग कात टाकतो तशी मी टाकतेय. आषाढीची साडी आता नागपंचमीला नेसणार म्हणे, बाहेर काढून ठेवलीये.